घागरीखाली घागर

गेल्या वर्षी गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या सातवीच्या वर्गात नऊ मुले गैरहजर राहिली. खेड्यातल्या शाळेत भाद्रपदात मुले नसतातच. ती शेतावर असतात, नाहीतर मामाकडे. हजेरी घेताना मास्तर फारसा थांबत नाही. मीही थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी एका मुलाचा बाप दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पोराचे डोळे हळदीवानी पिवळे झालेत." मग एकेका घरून तीच बातमी आली. कावीळ.

आमच्या शाळेच्या ओसरीवर कोणा दानशूर गृहस्थाने दिलेले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. भिंतीवर शेजारी-शेजारी बसवलेली तीन पांढरी नळकांडी: पहिल्यात सुताची गुंडाळी, दुसऱ्यात कोळसा आणि तिसऱ्यात जंतू मारणारा जांभळ्या प्रकाशाचा दिवा. वर दात्याचे नाव, खाली तोटी. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शिपायाच्या मदतीने मी ती तिन्ही उघडली. पहिल्यातले सूत ओढ्याच्या गाळाच्या रंगाचे झाले होते. दुसऱ्यातल्या कोळशावर बोट फिरवले तर शेवाळावरून फिरवावे तसे ते सरकले. तिसऱ्यातला दिवा विझलेला होता; केव्हापासून, ते कोणालाच सांगता येईना. आतल्या चिठ्ठीवर बदलण्याची म्हणून जी तारीख होती ती उलटून अडीच वर्षे झाली होती. ती बदलण्याचे काम कोणाचे, हे विचारले तेव्हा आम्ही सारेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्या 'आम्हां'त मीही होतो.

मुले पुढे सगळी बरी झाली. त्यांची कावीळ त्याच तोटीतून आली असे सिद्ध करण्याजोगा पुरावा माझ्याजवळ नाही. गावात त्या दिवसांत पाण्याच्या वाटा अनेक होत्या. पण त्या कोळशाचा बुळबुळीतपणा माझ्या बोटांवरून जाईना. तीन गोष्टी एकीपुढे एक ठेवून पाणी शुद्ध करावे, हे माणसाला कधी सुचले आणि एवढे सुचूनही आपण कोठे फसत आलो, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो.

खरे म्हणजे हे तीन नळकांड्यांचे यंत्र पाहून मला नवल वाटायला नको होते. माझ्या आजोळी माजघराच्या कोपऱ्यात लाकडाचे एक उंच तिकाटणे होते. त्यावर एकीखाली एक अशा तीन घागरी. वरच्या दोहोंच्या बुडाला बारीक भोक आणि त्यात काथ्याची वात. वरच्या घागरीत कोळसा, मधलीत वाळू, तळाच्या घागरीत गाळलेले पाणी. थेंब थेंब पडत असे. रात्री सारे निजले म्हणजे तो आवाज घड्याळासारखा ऐकू येई. आजोबा रेल्वेत होते. ही रीत त्यांनी तिकडूनच उचलली होती. इंग्रजी अमदानीत पलटणीच्या बराकी, स्थानके, इस्पितळे येथे असली तिकाटणी सर्रास असत आणि आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत त्यांची चित्रे छापलेली असत. वाळू व कोळसा वरचेवर बदलावा, अशी सूचना चित्राखाली असे. चित्र घरोघर पोहोचले. सूचना पोहोचली नाही. आजीच्या घागरीतला कोळसा बदललेला मला तरी आठवत नाही.

पण आरंभ तिकाटण्यापासून नाही. सुश्रुताने सूत्रस्थानात पाण्याचा विचार केला आहे, तो आजही वाचून थक्क व्हावे असा आहे. गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू त्याने सांगितल्या: निवळीचे बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि स्फटिकासारखा मणी. बिघडलेल्या पाण्याला त्याने वेगळे उपाय दिले: अग्नीवर उकळणे, उन्हात तापवणे, तापवलेले लोखंड, वाळू वा मातीचे ढेकूळ त्यात विझवणे. एवढेच नव्हे तर पाण्याचे भांडे कशावर ठेवावे, याचेही पाच प्रकार त्याने दिले आहेत. त्यांत फळी आहे, मुंजगवताची चुंबळ आहे, शिंके आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाणी गढूळ असणे आणि पाणी बिघडलेले असणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या मानल्या आणि त्यांना वेगळे उपचार लावले. हा भेद पुढे जग विसरले, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवांनी चुकती झाली.

सातांपैकी मोती नि मणी श्रीमंतांसाठी म्हणून सोडून देऊ. निवळी मात्र खरी. उगाळलेल्या बियांनी गाळाचे कण एकमेकांना चिकटून तळी बसतात, हे आजच्या प्रयोगशाळांनीही पडताळले आहे. आणि वस्त्र? मनूने पाणी वस्त्राने गाळून प्यावे असे सांगितले, जैनांनी जीवहिंसा टळावी म्हणून तो नित्याचा आचार केला, आणि सुधारक मंडळींनी त्याला सोवळ्याओवळ्याच्या खाती टाकले. गेल्या शतकाच्या अखेरीस रीटा कोलवेल या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागातील ६५ खेड्यांत या फडक्याचीच परीक्षा घेतली. जुनी सुती साडी घ्यावी, तिच्या घड्या घालून आठ पदर करावेत आणि घागरीच्या तोंडावर बांधून पाणी भरावे, एवढेच बायकांना शिकवले. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अशा घरांतील पटकी जवळजवळ निम्म्याने उतरली होती. पटकीचा जंतू एकटा असेल तर साडीच्या विणीतून सहज जाईल. पण तळ्या-नद्यांत तो डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यांना चिकटून राहतो, आणि ते किडे पदरात अडकतात. नवी साडी जुनीइतकी उपयोगी नाही. धुवून धुवून सूत फुलते, छिद्रे बारीक होतात, तेव्हा ती कामाची होते. हे वाचले तेव्हा आजीच्या विरलेल्या लुगड्याच्या फडक्याकडे मी नव्याने पाहिले.

मग कोळसा. कोळशाचे गुण लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण तो कोणते काम करतो ते प्रथम नीट पाहिले टोबियास लोविट्स या रशियात राहणाऱ्या औषधी-रसायनज्ञाने. १७८५ साली तो टार्टारिक आम्लाचे स्फटिक करीत असताना काळपट द्रावण कोळशाच्या भुकटीने स्वच्छ झाले. पुढे नासलेल्या पाण्याची दुर्गंधीही कोळसा काढतो असे त्याला आढळले. कोळशाच्या अंगाला असंख्य बारीक पोकळ्या असतात. रंग, वास, चव देणारे द्रव्य त्यांच्या भिंतींना धरून राहते. पंधरा वर्षांच्या आत, १८०० साली, पॅरिसमध्ये स्मिथ, क्युशे आणि माँफोर अशा तिघांनी स्पंज, वाळू व कोळसा यांचे थर एकत्र करून गाळणीचा हक्क नोंदवला, आणि १८०६ साली सेन नदीच्या काठी तसलेच पाणी गाळून विकण्याचा मोठा कारखाना निघाला.

लंडनमध्ये त्याआधीच, १७९१ साली, जेम्स पीकॉक नावाच्या वास्तुशिल्पकाराने एक वेगळीच गोष्ट ओळखली होती. त्याला लोकांनी फारसे विचारले नाही, पण मला तो या साऱ्या मंडळीत अधिक शहाणा वाटतो. त्याने पाहिले की नुसते थर रचून भागत नाही, क्रम हवा. पाण्याने प्रथम जाडी खडी ओलांडावी, मग तिच्याहून बारीक, मग आणखी बारीक. म्हणजे मोठी घाण मोठ्या फटीत, लहान लहानीत. कोणताच थर दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. त्याने पाणी खालून वर चढवले, आणि धुवायचे झाले की उलटे, वरून खाली सोडले. गाळणी ही वस्तू धुवावी लागते, हे त्याने गाळणी रचतानाच गृहीत धरले होते.

त्यानंतरच्या शतकात विलायतेतल्या प्रत्येक सुखवस्तू घरात गाळणी आली. लँबेथच्या डाउल्टनने चिनी मातीच्या, वेलबुट्टीच्या देखण्या बरण्या बनवल्या. त्या बैठकीच्या खोलीत शोभेला ठेवण्याजोग्या असत. कोणी लाकडी कोळसा घाली, कोणी हाडांचा, कोणी ॲस्बेस्टॉसचे कापड. गुस्ताव बिशॉफ या रसायनज्ञाने सच्छिद्र लोखंड आणले: वर ते लोखंड, त्याखाली मँगेनीजचे खनिज, मग वाळू, मग खडी. लोखंड पाण्यात थोडे उतरते, ते खालच्या थरांनी काढून घ्यावे अशी ती योजना. हे लोखंड सतत पाण्याखाली ठेवावे लागे. हवा लागली की त्याचा एकच गोळा होई. हा गोळा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो शंभर वर्षांनी पुन्हा भेटणार आहे.

या साऱ्या गाळण्यांची परीक्षा डोळ्यांनी नि जिभेने होत असे. पाणी नितळ आहे ना? वास नाही ना? मग झाले. रॉबर्ट कॉखने जिलेटिनवर जंतू वाढवून मोजण्याची रीत दिली, तेव्हा ही परीक्षा बदलली. १८८० नंतरच्या दशकाच्या मध्यास पर्सी फ्रँकलंडने या रीतीने गाळण्या तपासल्या. हाडांचा ताजा कोळसा पाण्यातले जंतू चांगले अडवी. महिनाभर वापरल्यानंतर मात्र त्यातून येणाऱ्या पाण्यात आत गेले त्याहून अधिक जंतू निघू लागले! कोळशाने धरून ठेवलेली घाण हेच त्यांचे अन्न, आणि त्याच्या पोकळ्या ही त्यांची घरे. १८९४ साली वुडहेड आणि कार्टराइट वुड या दोघांनी बाजारातल्या बहुतेक प्रसिद्ध गाळण्यांतून विषमज्वराचे नि पटकीचे जंतू सोडून पाहिले. बहुतेक सगळ्या नापास झाल्या. पास झालेल्यांत पास्तरचा सहकारी शांबरलाँ याची १८८४ सालची न झिलईच्या चिनी मातीची नळी आणि जर्मनीतल्या बेर्केफेल्डची नळी या प्रमुख होत्या. आपल्याकडे घरोघरी स्टीलच्या फिल्टरमध्ये ज्या पांढऱ्या 'कँडल' असत, त्या याच कुळातल्या.

म्हणजे पन्नास-साठ वर्षे लोक मोठ्या विश्वासाने बैठकीतल्या बरणीतून पाणी पीत होते, आणि ती बरणी चव सुधारण्यापलीकडे काही करीत नव्हती. उलट कधी कधी जंतू पोसत होती. फसवणूक कोणी मुद्दाम केली असे म्हणवत नाही. कोळशाने आपले काम चोख केले होते. त्याला न दिलेले काम तो करतो आहे, असे लोकांनी मानले. हिंदुस्थानात आग्र्याचे हँकिन साहेब विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करवीत हिंडत, त्यामागे हीच जाण होती. आजही जुनी माणसे पावसाळ्याच्या तोंडी विहिरीत 'लाल औषध' टाका म्हणतात.

चिनी मातीच्या नळीने तरी प्रश्न मिटला का? नाही. १८९२ साली इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस याच शांबरलाँच्या नळीतून गाळला, आणि गाळलेल्या नितळ रसाने निरोगी झाडे आजारी पडली. जंतूंहून लहान असे काहीतरी त्या छिद्रांतून निसटत होते. ते म्हणजे विषाणू. सर्वांत विश्वासू गाळणीतून जे सुटले, त्यातूनच एक नवे शास्त्र जन्मले, हे खरे. पण त्याचा दुसरा अर्थ दिल्लीला १९५५ च्या डिसेंबरात कळला. यमुनेच्या पात्रात नाल्याचे पाणी उलटून शहराच्या पाणी घेण्याच्या जागी शिरले. जलशुद्धीकरणवाल्यांनी तुरटी नि क्लोरीन वाढवले. विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. वाळूतून आणि क्लोरीनमधून जंतू सुटले नाहीत, विषाणू सुटला. तो कोणता विषाणू, याचा उलगडा व्हायला आणखी काही दशके लागली. आज त्या काविळीला 'ई' म्हणतात. हे वाचताना ओसरीवरच्या विझलेल्या दिव्याची मला आठवण झाली. त्या तीन नळकांड्यांत विषाणूशी गाठ घालणारा तेवढा एकच होता. सूत आणि कोळसा कितीही नवे असते, तरी त्याचे काम त्यांना येणारे नव्हते.

आता थोडे आपल्याकडे वळू. गावोगावच्या पाणीयोजनांत वाळूच्या गाळण्या असतात. त्यांची एक जुनी खोड आहे. खालून जोराने पाणी सोडून वाळू धुतली की हलके, बारीक कण वर येऊन बसतात आणि जाड कण तळी. म्हणजे पीकॉकच्या शहाणपणाच्या नेमके उलट! वरून येणाऱ्या पाण्याला पहिल्याच इंचात बारीक वाळू भेटते, तेथेच घाण साचते, आणि खालची दोन-अडीच फूट वाळू नुसती बसून राहते. यावर उपाय असा की वाळूच्या वर, वाळूहून जाड पण वजनाला हलका असा पदार्थ घालावा. मग धुतल्यानंतरही तो वरच राहतो. अमेरिकेत यासाठी अँथ्रासाइट हा दगडी कोळसा वापरू लागले. तो आपल्याकडे कोठून आणावा? नाशिकचे अभियंते जे. एन. कर्डिले यांनी नारळाच्या करवंट्या फोडून, चाळून, त्यांचे तुकडे वाळूवर पसरले. १९७३ साली रामटेकच्या योजनेत ते वापरले गेले, पुढे वरणगाव व चांदोरी येथेही. परदेशी ग्रंथांत त्यांची दखल आहे. नारळ फोडून आपण देवापुढे ठेवतो आणि करवंटी चुलीत घालतो. ती पाण्याच्या कामी येईल हे ज्याला सुचले त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसावे, याला काय म्हणावे? पुण्याच्या टाटा संशोधन संस्थेने भाताच्या तुसाची राख घेऊन घरगुती गाळणी केली, तीही याच जातीची कल्पना. असो.

सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र बांगलादेशातली. तेथे तळ्यांचे पाणी पिऊन लेकरे मरत, म्हणून १९७० नंतर लाखो नळकूप खणले गेले. पाणी थंडगार, नितळ, जंतूविरहित. वीस-पंचवीस वर्षांनी लोकांच्या तळहातांवर खरखरीत गाठी दिसू लागल्या, अंगावर काळे-पांढरे ठिपके उठले. १९९३ साली निदान झाले: पाण्यात सोमल होता. सोमलाला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो फडक्यात अडकत नाही, उकळून जात नाही. उकळल्याने उलट दाट होतो. आजवर ज्या ज्या गाळणीचा इतिहास सांगितला ती प्रत्येक येथे हात टेकणार होती.

कुष्टियाचे अबुल हुसाम अमेरिकेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे डॉक्टर भाऊ गावीच होते. या भावांनी हाती घेतले ते काय? तिकाटणे! एकीखाली एक तीन कोलशी, म्हणजे आपल्या घागरी. वरच्या घागरीत बिडाच्या लोखंडाचा कीस आणि जाडी वाळू. मधलीत लाकडी कोळसा, बारीक वाळू आणि विटांचे तुकडे. तळाशी पिण्याचे पाणी. लोखंड गंजते, गंज सोमलाला घट्ट धरून ठेवतो. उतरलेले लोखंड वाळू अडवते. कोळसा वास काढतो. घरोघरी ही तिकाटणी गेली, आणि काही दिवसांत अडचण उभी राहिली: वरच्या घागरीतल्या किसाचा दगडासारखा गोळा होऊन पाणी अडू लागले. बिशॉफचा तोच गोळा! हुसाम यांनी मग त्या लोखंडाचीच प्रकृती बदलली. प्रक्रिया करून त्याला सच्छिद्र व टिकाऊ केले, मातीच्या घागरींच्या जागी बादल्या आणल्या आणि तिला 'सोनो' नाव दिले. २००७ साली तिला अमेरिकेतले दहा लक्ष डॉलरांचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. त्यातली बहुतेक रक्कम गाळण्या वाटण्यासाठी द्यायची असे त्यांनी ठरवले.

माझ्या आजीचे आणि कुष्टियाचे तिकाटणे दिसायला एकच. थेंबाचा आवाजही एकच असेल. फरक एवढाच की तेथे प्रत्येक घागरीला तिचा शत्रू नेमून दिला होता, आणि आमच्या माजघरात तो कोणी नेमला नव्हता. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. तिने पाणी थंड केले, नितळ केले, आणि पाव्हण्याला तांब्या पुढे करताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असे ते खोटे नव्हते. मी मात्र शिकलेला. चिठ्ठीवरची तारीख रोज येता-जाता माझ्या डोळ्यांपुढे होती.

आता दर शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी सातवीची दोन मुले पहिले नळकांडे उघडून सूत धुतात. कोळसा बदलण्याची तारीख हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे, आणि तिच्याखाली माझी सही आहे. मागवलेला नवा दिवा अजून आलेला नाही. तोवर खिचडीचे मोठे पातेले खिचडी झाल्यावर घासून पुन्हा चुलीवर चढते, आणि त्यात दुसऱ्या दिवशीचे पाणी उकळते.